पहिल्या पानाचा मान

सॉल्ट लेक, कोलकाता
९ जानेवारी २०२५

बाबा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते. पण भांडायला बसल्यावर साष्टांग घालणं बरं दिसत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

फोन तुम्ही उचलत नाही. ई-मेल उघडत नाही. तिकडे सुश्रुतने उघडून दिली तर तुमचा चष्मा सापडत नाही. म्हणून कागद. घरी आलेलं पत्र न फोडता ठेवणं तुमच्या तत्त्वात बसत नाही. तुमची तत्त्वं मला पाठ आहेत, त्यांच्याशी भांडतच वाढले मी.

जयप्रकाशबाबूंना तुम्ही लिहिलेलं पत्र वाचलं. परिषदेच्या अध्यक्षांचं टपाल आधी कार्यकारी संपादकाच्या टेबलावर येतं, ही पद्धत तुम्हीच संपादक असताना पाडलीत. पत्रात म्हणता, 'कार्यकारी संपादकांना वेळीच आवर घालावा.' नावसुद्धा लिहिलं नाहीत. पोटच्या पोरीची तक्रार करायची तीही हुद्द्याने, याला म्हणतात शिस्त!

आवर घालून घ्यायचं माझं वय गेलं, बाबा. आणि ठराव मंजूर झालेला आहे. या वर्षीपासून, म्हणजे पन्नासाव्या खंडापासून, आपलं प्राणिशास्त्राचं त्रैमासिक आधी ऑनलाइन निघणार. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला आहात की लीनाने अंक बुडवला, म्हणून नीट लिहिते. आतापर्यंत लेख मंजूर झाला तरी तो अंक भरेपर्यंत पडून राहायचा. मग डमडमच्या छापखान्यात जायचा, तिथे त्याला पानांचे आकडे मिळायचे आणि तेव्हा तो प्रसिद्ध झाला म्हणायचं. आता लेख मंजूर झाला, प्रुफं तपासून आली, की लगेच संकेतस्थळावर जाणार. तीच त्याची प्रसिद्धीची तारीख. पानांच्या आकड्यांऐवजी त्याला लेख क्रमांक मिळणार, आणि तो ज्येष्ठतेने नाही, जो आधी तयार झाला त्याला आधी. लेख कधी आला, कधी मंजूर झाला, कधी निघाला, तिन्ही तारखा वर छापल्या जाणार. छापील अंक ज्याला हवा त्याला वर्षाच्या शेवटी बांधून मिळेल.

तुमचं दुखणं मला ठाऊक आहे. तुम्हाला ऑनलाइनचा राग नाही, तुम्हाला पान एक गेल्याचा राग आहे.

अंक लावायचा रविवार आठवतो. जेवणाच्या टेबलावर प्रुफं पसरलेली, आई पोह्यांची ताटली हातात घेऊन उभी, कारण ठेवायला जागा नाही. कोण ज्येष्ठ, कोणाची पंच्याहत्तरी आली, कोणाला मागच्या वेळी शेवटचं पान गेलं म्हणून तो रुसलाय. लग्नाच्या पंगतीत मानाचे पाट मांडावेत तसे लेख मांडायचात. लेख बरा आहे की नाही, हा विषय त्या टेबलावर फारसा निघत नसे. मग मानकऱ्याच्या प्रुफावर हिरव्या पेन्सिलीने '१' लिहायचात आणि आम्हा दोघा भावंडांना मिठाईच्या दुकानातला संदेश मिळायचा. मी आणि सुश्रुत त्या एकची वाट बघायचो ती संदेशासाठी. पुढे मी वेगळ्या कारणासाठी वाट बघायला लागले. ते असो.

रागवायचं असेल तर रागवा, पण मला रागवा. जयप्रकाशबाबूंच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका.

आईला नमस्कार.

लीना


२१ फेब्रुवारी २०२५

बाबा,

तुमचा लेख पोचला. सोबतच्या चिठ्ठीवर 'मा. कार्यकारी संपादक यांस'. मानाबद्दल आभारी आहे.

लेखकाचं आडनाव देवस्थळी पाहिलं आणि पाकीट तसंच्या तसं अरुणदांच्या टेबलावर ठेवलं. ते मुख्य संपादक आहेत, आणि मुलीने बापाचा लेख हाताळायचा नाही हा नियम आहे. या नियमावर तरी तुमचा आक्षेप नसेल. तुम्ही तो पाळून दाखवला आहे, जरा जास्तच.

पण शीर्षक दिसलं. ते दिसल्यावर खोटं कशाला बोलू, खुर्चीत बसले. 'एक जात मागे घेण्याविषयी.' बाबा, तुम्ही आईची गोगलगाय मागे घेताय?

घरी आल्यावर नूपुर शेजारी होती. तिला ही गोष्ट कधी नीट सांगितलीच नव्हती, म्हणून सांगितली. आजोबा तरुणपणी खाडीच्या चिखलात उतरले, तिथे त्यांना एक जाड, कंगोरे असलेल्या शंखाची गोगलगाय मिळाली. गोड्या तळ्यातल्या नेहमीच्या गोगलगाईसारखीच, पण शंख निराळा. आजोबांनी तिला नवी जात ठरवलं आणि आजीचं नाव दिलं. पुस्तकांतून अजून आहे, सुधाच्या नावाची गोगलगाय. कार्टीचं मराठी तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणाली, "मग आजोबाचा गोगलगाय आता बाद?" मी म्हटलं, आजोबांची गोगलगाय आहे तिथेच आहे, चिखलात. फक्त तिला दोन नावं होती, त्यातलं एक जाणार.

संध्याकाळी आईचा फोन. तुम्ही फिरायला गेल्यावर करते, हे तुम्हाला माहीत नसलं तर आता झालं. म्हणाली, "गेली एकदाची माझ्या नावाची गोगलगाय. लोकांच्या बायकांना पाटल्या मिळाल्या, मला ही." हसत होती. मग म्हणाली, "पण लीना, हे त्यांना स्वतः सांगायचंय गं. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी. तेवढं होऊ दे."

मी तिला हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. का, ते मला आत्ता लिहिता येत नाही, कारण ते कार्यालयातलं आहे. तुम्ही या खुर्चीत बसलेले आहात, तुम्हाला तर्क करता येईल.

चिठ्ठीत तळाशी तुम्ही लिहिलंय, 'रिवाजाप्रमाणे सुवर्णमहोत्सवी खंडात पान एक मिळावे.' तो रिवाज राहिला नाही हे मी गेल्या पत्रात लिहिलं होतं. पुन्हा लिहिते, कारण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तुमचाही आणि माझाही.

लीना


१६ मार्च २०२५

बाबा,

अखेर तुमच्या हस्ताक्षरातल्या दोन ओळी आल्या, त्याही काय! 'त्या मृणाल नावाच्या मुलीस दोन महिने थांबावयास सांग. रीत आहे.'

म्हणजे जयप्रकाशबाबूंनी तुम्हाला फोन केला. बरं झालं, आता मला मोकळेपणी लिहिता येईल.

आधी एक सांगते. मृणाल मुलगी नाही. इतकी वर्षं बंगालात काढून तुम्ही अजून पुण्याच्याच मृणाली मोजता. मृणाल मंडल हा चांगला मिशा असलेला बाप्या आहे, कॅनिंगच्या कॉलेजात शिकवतो, त्याचा मुलगा या वर्षी बारावीला आहे. त्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. सुट्ट्यांच्या दिवशी तो खाडीत उतरतो, वरपासून खालपर्यंत जिथे जिथे पाणी गोडाचं खारं होत जातं तिथून गोगलगाई वेचतो. त्याने दाखवलंय की तळ्यातली गोगलगाय आणि आईची गोगलगाय यांच्यामध्ये कुठेही तुटक रेघ नाही. शंख हळूहळू बदलत जातो. दोन जाती नाहीत, एकच आहे. त्याचा लेख तुमचं पाकीट येण्याआधीच मंजूर झाला होता. गेल्या पत्रात मला लिहिता येत नव्हतं ते हे.

सोमवारी जयप्रकाशबाबू कार्यालयात आले. चहा मागवला, माझ्यासाठीही. तेव्हाच ओळखलं.

"लीनाजी, दो महीने की तो बात है. सर अपनी भूल अपने हाथ से सुधारना चाहते हैं. कितनी बड़ी बात है!"

"बड़ी बात है," मी म्हटलं. "लेकिन मृणालबाबू का पेपर तैयार है. तैयार पेपर यहाँ अब रुकता नहीं."

"पिताजी हैं आपके."

"इसीलिए तो नहीं रोक सकती."

अरुणदा खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "तुमि जा भालो बोझो, ताइ कोरो." तुला योग्य वाटेल ते कर. अरुणदांच्या तोंडी याचा अर्थ, कर, पण माझ्यावर येऊ देऊ नकोस. भला माणूस आहे, पण भल्या माणसांचा असा उपयोग असतो.

आणि मला राग कशाचा आला सांगू? तुमचा नाही, अध्यक्षांचा नाही. मृणालबाबूंचा आला. त्यांना कोणीतरी कळवलं होतंच. त्यांचा फोन आला, "दीदी, देवस्थळीसर माझ्या गुरूंचे गुरू. माझा लेख थांबवा, मला काही वाटणार नाही." थांबायची सवय झालेल्या माणसाला आणखी थांबवणं किती सोपं असतं! तो स्वतःच स्टूल आणून बसतो.

मी त्यांना विचारलं, "सरांचा लेख आधी आला तर तुमचा लेख काय होईल?" तुम्हीही मनातल्या मनात उत्तर द्या. पहिला जो सांगतो त्याने सांगितलेलं असतं. दुसरा नुसती मान हलवतो. चिखलात इतकी वर्षं काढून त्या माणसाने नुसती मान हलवायची, का, तर आपल्याकडे वडीलधाऱ्यांना आधी वाढतात म्हणून?

प्रुफं तपासून आली होती. मी ती चढवली. पन्नासावा खंड, लेख क्रमांक एक, मृणाल मंडल, तारखांसह. दिलेला क्रमांक आता ब्रह्मदेवालाही परत घेता येत नाही. असाच नियम मी करून घेतला होता, तो कुणासाठी मोडावासा वाटेल हे माहीत होतं म्हणूनच.

मला वाईट वाटत नाही असं समजू नका. बटण दाबल्यावर मी संदेश आणायला गेले होते, जुन्या सवयीने. दुकानापर्यंत गेले आणि परत आले. पण माफी मागणार नाही. वाईट वाटणं वेगळं आणि चूक असणं वेगळं.

लीना


२७ एप्रिल २०२५

बाबा,

तुम्ही गप्प. आई फोनवर कुजबुजते, "जेवतात, पेपर वाचतात, बोलत नाहीत." गप्प बसण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.

इथली खबर अशी की माझ्यावर ठपका ठेवलाय. 'संस्थेच्या परंपरेचा व ज्येष्ठ सदस्याचा अवमान.' तुमची लेखी माफी मागितली तर ठपका मागे घेणार आहेत. नाही मागितली तर वर्षअखेर माझा करार वाढवणार नाहीत. जूनच्या सर्वसाधारण सभेत निर्णय. नूपुरचे बाबा गुवाहाटीहून म्हणाले, दोन ओळी लिहून टाक, बँकेत आम्ही रोज लिहितो. मी म्हटलं, बँकेत राहा.

पण आज लिहायला बसले ते त्यासाठी नाही.

काल अरुणदांनी मला आत बोलावलं. म्हणाले, तुझ्या वडिलांचा लेख तुला दाखवणार नाही, पण परीक्षकाने संदर्भसूचीतल्या एका नोंदीबद्दल शंका काढली आहे आणि तिचं उत्तर तुझ्याशिवाय कोणाजवळ नाही. मग त्यांनी ती एक ओळ वाचून दाखवली. 'देवस्थळी, लीना. खाऱ्या व गोड्या पाण्यात वाढवलेल्या पिल्लांच्या शंखांतील फरक. अप्रकाशित.' परीक्षक विचारतोय, हे काम अस्तित्वात आहे का?

आहे का, बाबा?

मी चोवीस-पंचवीसची होते. एकाच गोगलगाईची अंडी, निम्म्या बरण्यांत गोडं पाणी, निम्म्यांत खारं. आईच्या लोणच्याच्या बरण्या, याच घराच्या गॅलरीत. आई म्हणायची, घरात लोणचं नाही आणि गॅलरीत गोगलगाई. पिल्लं वाढली तेव्हा गोड्या पाण्यातली तळ्यातल्यासारखी दिसली आणि खाऱ्यातली हुबेहूब आईची. एका आईची लेकरं. तुम्हाला बरणी आणून दाखवली होती. तुम्ही ती उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिलात.

लेख परीक्षकांनी मंजूर केला. तुम्ही म्हणालात, "बापाच्या अंकात मुलीचा लेख, लोक काय म्हणतील? या अंकात नको, पुढच्या घेऊ." मी म्हटलं, थांबते. मीही तेव्हा स्टूल आणून बसले होते. पुढच्या अंकात कोणाची तरी पंच्याहत्तरी निघाली. त्याच्या पुढच्यात जागा नव्हती. दुसरीकडे पाठवते म्हटलं तर म्हणालात, मंजूर झालेला लेख काढून घेणं शोभत नाही. भिजत घोंगडं पडलं ते पडलं. शेवटी मीच काढून घेतला, फाईल माळ्यावर टाकली आणि लोकांच्या लेखांतले स्वल्पविराम सुधारायला लागले. घरात सगळे म्हणाले, लीनाला संशोधनाची आवड नव्हती. तुम्हीही म्हणालात. मी ऐकलंय.

इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही लोकांना भ्यालात. आज ती ओळ ऐकली आणि कळलं, तुम्ही बरणीला भ्यालात. त्या दिवशी उजेडात धरलीत तेव्हाच तुम्हाला पटलं होतं की आईच्या नावाची जात नाही. पटलं नसतं तर आज माझं नाव तुमच्या सूचीत आलं नसतं. अप्रकाशित लिहिलंत. अप्रकाशित कोणी ठेवलं, तेही कंसात लिहायचं होतं.

रागात लिहिलंय म्हणून अक्षर असं आलंय. नवा कागद घेणार नाही, असंच वाचा.

लीना


१५ जून २०२५

बाबा,

काल सभा झाली.

मला बोलायला उभं केलं. जयप्रकाशबाबूंनी समोर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, इतकी सोय. मी म्हटलं, माफी मागायला माझी हरकत नाही, पण कशाबद्दल ते कोणीतरी एका वाक्यात सांगा. मंजूर झालेला लेख प्रसिद्ध केला याबद्दल? मागून एक जण म्हणाले, "भावना आहेत, मॅडम." मी म्हटलं, भावना मलाही आहेत, मी त्यांना लेख क्रमांक देत नाही.

तेवढ्यात मृणालबाबू उठले. त्यांना सभेत कधी बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "मी थांबायला तयार होतो. दीदींनी थांबू दिलं नाही. आता वाटतं, बरं झालं." बसले आणि घाम पुसला.

निकाल सांगते. नवी पद्धत कायम राहिली, मोठ्या बहुमताने. माझा करार वर्षअखेर संपणार, तोही मताने. लेख क्रमांक राहिला आणि मी गेले. माझ्या मते सौदा स्वस्तात पडला. नूपुर न्यू टाउनच्या तिच्या ऑफिसातून थेट आली होती, बाहेर भेटली. म्हणाली, "आई, तू हरली की जिंकली?" मी म्हटलं, मराठी सुधार, मग सांगते.

आता तुम्हाला एक बातमी, जी मी इतके दिवस दाबून ठेवली होती. गेल्या पावसाळ्यापासून गॅलरीत पुन्हा बरण्या आहेत. तुमच्या पत्राच्या आधीपासून, मृणालबाबूंच्या लेखाच्याही आधीपासून. भेडीच्या मासेतळ्यांच्या कडेने पहाटे फिरायला जाते, तिथून गोगलगाई आणल्या. या वेळी बरण्या स्वतःच्या पैशाने घेतल्या, त्यामुळे लोणचंही आहे. जुनी फाईल माळ्यावरून काढली, सगळं नव्याने केलं, आणखी दोन पिढ्या वाढवल्या. तेच निघालं. मृणालबाबूंनी दाखवलं की जात एक आहे. माझा लेख सांगतो की शंख का बदलतो.

सभेतून घरी येऊन लेख अरुणदांकडे पाठवला. तुमच्या पाकिटाला लावला तोच नियम माझ्या लेखाला. परीक्षक कोण, काय म्हणाले, मला काही दिसणार नाही. नाकारला तर नाकारला. पण तो पडून राहणार नाही. लेखावर नाव माहेरचं घातलंय, लीना देवस्थळी. तुमच्यासाठी नाही. त्या वयात जिने काम केलं तिचं ते नाव होतं.

लीना


२९ ऑगस्ट २०२५

बाबा,

तुमची प्रुफं अरुणदांकडे आली. छापून, पोस्टाने, हिरव्या पेन्सिलीने तपासलेली. आता सगळे संगणकावर तपासतात. अरुणदा ती दोन्ही हातांत धरून माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "लेख तुझ्यापासून लपवायचे दिवस संपले, तो मंजूर आहे. पण हे तू बघायलाच हवंस."

दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही हाताने वाक्य घातलंय, 'मृणाल मंडल यांनी याआधीच दाखवून दिल्याप्रमाणे.' पुढे त्यांचा लेख क्रमांक, एक. आकडा दोनदा गिरवलाय. परीक्षकांनी सांगितलं म्हणून घातलं असेल, पण 'याआधीच' हा शब्द कोणी सांगितला नव्हता.

मग शेवटचं पान. माझ्या नावापुढचं 'अप्रकाशित' खोडलंय. त्या जागी 'लेख क्रमांक' आणि पुढे कोरी जागा. आणि समासात तुमच्या तिरक्या अक्षरात, 'हिचा क्रमांक येईपर्यंत माझा लेख थांबवावा. घाई नाही.'

मी ते वाचलं आणि अरुणदांसमोर रडले. लिहून टाकते, नाहीतर ते तुम्हाला फोनवर सांगतीलच. ज्या माणसाने मला अंकामागून अंक थांबवलं, तो म्हणतोय की मी थांबतो, लीनाला पुढे जाऊ दे. हे वाक्य मला त्या वयात हवं होतं. त्यासाठी मी तेव्हा काय वाटेल ते दिलं असतं.

आणि तरी बाबा, उत्तर नाही असं आहे.

तुमचा लेख तयार होता. माझा अजून परीक्षकांकडे आहे, मंजूर होईल की नाही मला माहीत नाही. मृणालबाबूंना तुमच्यासाठी थांबवलं नाही, मग तुम्हाला माझ्यासाठी कशी थांबवू? इथे आता कोणी कोणासाठी थांबत नाही. बापही लेकीसाठी नाही. माझी खुर्ची ज्या गोष्टीसाठी गेली ती मी तुमच्या प्रेमापोटी मोडली, तर जयप्रकाशबाबू म्हणतील, हेच तर आम्ही सांगत होतो.

अरुणदांनाही ते पटलं. या वेळी खिडकीबाहेर न बघता पटलं.

'अप्रकाशित' परत जागेवर ठेवलंय. ते तसंच राहू द्या. ते खरं आहे, आणि तुमच्या हातचं आहे. उद्या माझा लेख निघाला तरी तुमच्या लेखात ते तसंच राहील, आणि कोणी विचारलं तर तुम्ही त्याला उत्तर द्या. मी देणार नाही. एवढी शिक्षा मी तुम्हाला करते आहे, आणि ती तुम्ही घ्याल हे मला माहीत आहे, कारण तुमची तत्त्वं मला पाठ आहेत.

तुमचा लेख काल प्रसिद्ध झाला. क्रमांक बारा. मी तो रात्री जेवणानंतर वाचला, संपादक म्हणून नाही, वाचक म्हणून. शेवटच्या वाक्यात तुम्ही लिहिलंय की ज्या व्यक्तीच्या नावाने ही जात ओळखली गेली, तिने त्या नावाचा आग्रह कधीच धरला नव्हता. आईला वाचून दाखवलंत का? दाखवा. आणि कोलकात्याला याल तेव्हा तिला पाटल्या घेऊन द्या, आता गोगलगाय नाही सांगायला.

लेख चांगला आहे, बाबा. माझा जास्त चांगला आहे.

सुश्रुतला सांगून तुमच्या लेखाची छापील प्रत काढून घ्या आणि खालचा कोपरा बघा. नव्या पद्धतीत प्रत्येक लेखाची पानं वेगळी मोजतात, आधीच्या लेखाला जोडून नाही. तुमचा लेख पान एकपासून सुरू होतो. मृणालबाबूंचाही होतो. बारा लेख निघाले, बाराही पान एकपासून. कोणी कोणाचा पाट ओढला नाही.

माझा क्रमांक आला की कळवीन. पान विचारू नका.

लीना